डाव्या कानातली शिट्टी

राजेंद्र नगर, इंदूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. पंचशील, जय भीम आणि आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझ्या आईच्या डाव्या कानातली शिट्टी चालूच आहे. फोन केला असता, पण फोन लावला की ती शेजारी येऊन बसते.

परवा फोनवर तू तिच्यावर ओरडलास. "मोबाइलवर बघून कानात तेल कशाला घातलंस? अक्कल आहे की नाही?" मला तुझा राग आला. मोबाइल कोणी आणून दिला? "बाबा, सगळं यात मिळतं," कोण म्हणालं?

मिळतं ना! कानातल्या शिट्टीला टिनिटस म्हणतात, ते टाकलं, तर एक म्हणतो मेंदूत गाठ असेल. दुसरा म्हणतो आपोआप जाईल. तिसऱ्याने नंबर मागितला, मी दिला, आता एक बाई दिवसातून चारदा गोळ्या विकायला फोन करते. एका मोठ्या अस्पतालाचं पान होतं, पण सातवी पास माणसाला त्यातली एक ओळ कळेल तर शपथ. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठे काही नाही. आपला नमकीनवालासुद्धा पाकिटावर तारीख टाकतो!

मग व्हिडिओतला तो फौजी टोपीवाला. "मैं महू से रिटायर हूँ. गरम तेल में लहसुन, सात दिन." तुझे आजोबा महूच्या पलटणीत होते. फौजी खोटं बोलत नाही, हे ऐकत मी मोठा झालो. खाली लोकांनी लिहिलेलं, "आराम मिला भिया." दुसऱ्या कोणाचं मी ऐकलं नसतं.

तिचा तो कान लहानपणी वाहायचा, हे मला माहीत होतं. पडद्याला भोक असेल तर काही घालायचं नाही, हे त्या माणसाने कुठेच सांगितलेलं नाही. मी व्हिडिओ पाच वेळा पाहिला. नंतर पाहिला.

डॉक्टरने विचारलं, "ये किसने डाला?" माझं तोंड उघडलं नाही. ती म्हणाली, "मैंने ही डाला, साब." मग डॉक्टर तिला बोलला. संबोधी सासरहून येऊन बोलली. मग तू. मी तिघांच्याही वेळी तिथेच बसलो होतो.

त्या कानाने तिला आता ऐकू येत नाही, येणारही नाही म्हणतात. शिट्टी तेवढी येते.

तिला फोन कर. माफी माग. कशाची ते विचारेल, तर बाबांनी लिहून कळवलं म्हण.

तिचं डोकं मांडीवर घेऊन ज्याने तेल ओतलं,
तो तुझा बाप,
किसन