चाळीस गोधड्या मंजूर

१ नोव्हेंबर २०२३, बुधवार. सकाळी ६.१०

रिटायर होऊन आज चार महिने झाले. मिनिस्ट्रीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने दिल्लीच्या मयूर विहारात मटार निवडत बसावं, हे काही बरोबर नाही. आजपासून बायकोचा, कुमुदचा, गोधड्यांचा धंदा हातात घेत आहे. म्हणजे मार्केटिंग. बाकीचं तिने बघावं.

कँटोन्मेंटमधल्या चार जवानांच्या बायका हाताने गोधड्या शिवतात. कुमुद त्यांना जुन्या साड्या नेऊन देते, झालेल्या गोधड्या घरी आणते आणि ओळखीपाळखीत विकते. सहा वर्षं हेच चाललंय. एवढा चांगला माल, आणि एक पोस्ट नाही! बाईला माझ्यासारखा माणूस घरात असून सुचलं नाही.

संकल्प: रोज एक पोस्ट. रविवारी दोन.

३ नोव्हेंबर

कुमुदला स्टॉक विचारला. अकरा, म्हणाली. कपाट उघडून दाखवलं. मी म्हटलं, ही झाली हजर संख्या. मंजूर किती? तिला प्रश्नच कळेना.

समजावून सांगितलं. आमच्या सेक्शनला चाळीस जागा मंजूर होत्या. माणसं अकरा, फार तर बारा. पण वार्षिक अहवालात कायम चाळीसच जात होते आणि कुणाचं काही अडलं नाही. इथे बायका चार, हिवाळ्यात प्रत्येकी दहा गोधड्या. म्हणजे चाळीस मंजूर. मार्केटिंग मंजूर आकड्यावर चालतं.

कुमुद म्हणाली, एका गोधडीला वीस दिवस लागतात. हा तपशील झाला.

५ नोव्हेंबर, रविवार

कामाचा दिवस. पेज उघडलं, नाव ‘ऊब’. ३१ डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या पोस्ट एका बैठकीत शेड्यूल केल्या. वांगी रंगाची एक गोधडी फार फोटोजेनिक आहे. तिचेच आठ बाजूंनी फोटो काढले आणि आठ डिझाइन्स केली. ‘त्वरा करा, थोड्याच शिल्लक’ असंही टाकलं.

पाठ धरली आहे. पण समाधान.

९ नोव्हेंबर

फॉलोअर्स ६४०. कुमुदची कटकट. वांगी गोधडी परवाच गेली म्हणे, जम्मूला बदली झालेल्या एका मेजरच्या बायकोने नेली. आणि आज तीच हवी म्हणून सहा फोन. पोस्ट काढून टाका, म्हणाली.

एकेका नगासाठी मंजूर कार्यक्रम बदलत बसलं तर कामं कशी व्हायची? नाताळपर्यंत वांगी गोधडी दिसत राहील. मागणी झाली की माल येतोच.

१४ नोव्हेंबर, पाडवा

कुमुदने ओवाळलं. ओवाळणीत एकच मागितलं. पोस्ट टाकण्याआधी रोज एकदा विचारायचं, काय आहे आणि काय नाही. दिलं वचन. त्यात काय एवढं.

१६ नोव्हेंबर

वचन प्रॅक्टिकल नाही. विचारलं की ती खरं सांगते, आणि मग पोस्ट जमत नाही.

१८ नोव्हेंबर. दुपारी

मोठी केस. गुरुग्रामहून अलकनंदा देशमुख नावाच्या बाईंचा फोन. नात झालीय, १७ डिसेंबरला बारसं. आईची इरकल साडी जपून ठेवलीय. आई आता नाही. त्या साडीची बाळाला गोधडी हवी. बाई स्पष्ट बोलतात. म्हणाल्या, “होणार नसेल तर आत्ताच सांगा. मग मी साडी पाठवत नाही. ती एकच आहे.”

मी म्हटलं, बिल्कुल होईल.

२१ नोव्हेंबर

साडी आली. हिरवीगार, काठ अजून कडक. तिच्यासमोर एक रील केलं, चार हजार व्ह्यूज. मग नीट घडी घालून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. आवक झालेली वस्तू खणात असते, इकडेतिकडे होत नाही. कुमुदला संध्याकाळी सांगू.

२९ नोव्हेंबर

अकराच्या अकरा गोधड्या संपल्या. ऑर्डरी एकतीस. कुमुद दिवसभर लोकांची माफी मागत फोनवर असते. हे खरं म्हणजे यश आहे, पण घरात तसं वातावरण नाही. साडीचं आज काढण्यात अर्थ नव्हता.

६ डिसेंबर

चौघींपैकी द्वारकाचा फोन. हवालदार मल्हारीची बायको, तोंडाने फटकळ. तिचं म्हणणं, साहेब, फोटो काढायला एक मिनिट लागतो, पण आमचे टाके हजारात असतात. बाईला धंद्याचं मोठं चित्र दिसत नाही. मी सौजन्याने बोललो.

साडी खणातच आहे. कुमुदला सर्दी झालीय. बरी झाली की सांगतो.

११ डिसेंबर, सोमवार

निर्णय घेतला. सकाळच्या बसने पानिपतचा रजई बाजार गाठला. मशीनवर शिवलेली बाळाची रजई घेतली, हिरवीच, वर बदकं. घरी येऊन ‘हातशिलाई’चं लेबल लावलं आणि कुरियरने गुरुग्रामला रवाना. सहा दिवस हाताशी ठेवून केस निकाली.

बाळाला काय कळतंय. साडी आपली सुरक्षित आहेच, सवडीने परत पाठवू. थोडं अस्वस्थ वाटतंय. बसमध्ये खाल्लेली कचोरी असणार.

१३ डिसेंबर

अलकनंदाबाईंचा फोन आला. माझ्याऐवजी कुमुदला. रागावल्या नव्हत्या म्हणे. एवढंच विचारलं, “माझ्या आईची साडी कुठे आहे?”

कुमुदने मला विचारलं. मी खण उघडला.

ती साडी मांडीवर घेऊन बसली. मी सगळी पार्श्वभूमी सांगितली. मंजूर संख्या, पानिपत, सर्दी. ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अहो, सहा वर्षांत नसलेल्या वस्तूला मी ‘आहे’ म्हटलं नव्हतं. त्या बायका माझ्या या एका शब्दावर शिवतात.”

शाल घेतली आणि साडी छातीशी धरून कँटोन्मेंटला गेली. काम होईपर्यंत तिथेच राहणार. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

आजची पोस्ट शेड्यूलप्रमाणे गेली. ती थांबवायची कशी हे आठवेना.

१५ डिसेंबर

खिचडी लागली. पाचजणी एकाच छोट्या गोधडीवर बसल्यात. मी मदतीला येऊ का, असं फोनवर विचारलं. द्वारका म्हणाली, नको.

१७ डिसेंबर, रविवार

सकाळी आठला शेवटचा टाका पडला. दोन कॅब करून सगळ्या गुरुग्रामला गेल्या. मीही तयार होऊन बसलो होतो, कोट घालून. माझ्यासाठी जागा नाही असं कुणी म्हटलं नाही. कॅब इकडे आल्याच नाहीत.

१८ डिसेंबर. संध्याकाळी ७.४०

कुमुद परत आली. दमलीय, पण चेहरा उजळलाय. बारशाला गोधडी हातोहात फिरली. अलकनंदाबाई आईच्या काठावरून हात फिरवत रडल्या. तिथल्या तिथे एकोणीस बायकांनी गोधडी मागितली. कुमुदने साऱ्यांना सांगितलं, कपाट रिकामं आहे, होळीनंतर नंबर लागेल. साऱ्या थांबायला तयार!

मी म्हटलं, यावर एक सुंदर पोस्ट करतो. ती म्हणाली, पेज बंद करा. २,१४० फॉलोअर्स. बंद केलं. मग मी विचारलं, आता मी काय करू?

तिने थोडा विचार केला. म्हणाली, हौसाबाई चौघींत सगळ्यात थोरल्या, त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, प्रत्येक वेळी दुसरीला उठावं लागतं. उद्यापासून दहा वाजता चला. दोरा ओवता येतो ना?

येतो, म्हणालो.

दीड तास झाला, प्रयत्न करतो आहे.