कागदावर न लिहिलेला दीड चमचा

मी, शालिकराम नत्थूजी गजभिये, वय ६८, औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेला जलरसायनज्ञ, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि मला पढवणारे कोणी नाही. "बुद्धी शाबूत व मन स्थिर आहे" असे लिहावे लागते, असे वकील म्हणाले. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन स्थिर नाही. मंगळवार, ४ नोव्हेंबरपासून ते जागेवर नाही, आणि खोटे लिहून त्याखाली मी सही करणार नाही.

येत्या अठरा तारखेला माझ्या छातीची शस्त्रक्रिया आहे. तिची मला भीती वाटत नाही. ज्याची भीती वाटायला हवी होती ते साडेआठ वर्षांपूर्वीच माझ्या हातून होऊन गेले आहे, आणि मला ते गेल्या आठवड्यात कळले.

कलम १. ऑगस्ट २०१७ मध्ये मी केलेले मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात मी घर, ठेवी, सगळे माझी मुलगी माया हिच्या नावे केले होते. मुलगा धम्मानंद याच्यासाठी एकच वस्तू ठेवली होती : माझी चार फुटी काचेची टाकी, आणि ती रिकामी द्यावी, असे मुद्दाम लिहिले होते. वकिलांनी तेव्हा विचारले होते, "रिकामी हा शब्द ठेवायचाच का?" मी म्हटले, त्याच शब्दासाठी तुमच्याकडे आलो. आज तो शब्द वाचून मला माझीच लाज वाटते.

कलम २. नंदनवनचे राहते घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. ते धम्मानंद आणि माया यांना समान मिळावे. बँकेतल्या ठेवींचेही तसेच. यावरून दोघे भांडणार नाहीत हे मला ठाऊक आहे. मी बोलणे तोडले तरी माया मागच्या अंगणात जाऊन भावाला फोन करते, आणि तिला वाटते बापाला कळत नाही.

कलम ३. माझा मेहुणा गोविंदा याने २०११ मध्ये दोन दिवसांसाठी नेलेली ॲल्युमिनियमची शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. परत मागू नये. फक्त ती माझी आहे एवढे त्याच्या मुलांना सांगून ठेवावे.

कलम ४. आता माशांविषयी. ज्यांना यातले काही कळत नाही त्यांनीही हे वाचावे, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

डिस्कस हा मासा बशीसारखा गोल आणि चपटा. दुकानातून आणतो तेव्हा पिल्लू दोन बोटे रुंदीचे आणि मातकट असते. ते तळहाताएवढे व्हायला वर्ष-सव्वा वर्ष लागते, आणि रंग तेव्हाच चढतो. या काळात त्याला दिवसातून पाच वेळा खायला लागते, पाणी तीस अंशांवर लागते आणि रोज निम्मे पाणी बदलावे लागते. आळस केला की पिल्लू मरत नाही, खुरटते. अंग तेवढेच राहते आणि डोळे मोठे दिसू लागतात. एकदा खुरटले की पुढे कितीही लाड करा, भरून निघत नाही.

माझी पत्नी सरिता हिला या माशांचे वेड होते. बकऱ्याचे हृदय आणि कोळंबी वाटण्यासाठी तिने मिक्सरचे एक भांडे कायमचे मला दिले होते, आणि त्यावर लाल धागा बांधून ठेवला होता, चुकून त्यात चटणी वाटली जाऊ नये म्हणून. दुपारचा घास तीच द्यायची.

पाणी मात्र माझे खाते. मी तीस वर्षे बॉयलरसाठी पाणी शुद्ध करण्याचे काम केले. त्या पाण्यात क्षाराचा कणही चालत नाही. घरी मी तसाच छोटा संच बसवला होता. ज्यांच्याकडून पिल्ले घेतो ते दुकानदार प्रीतम शेंडे मला म्हणाले होते, "काका, पिल्लायले साधं नळाचंच पाणी मुरवून द्या. इतकं शुद्ध कायले पाहिजे?" पण मला शहाणपण कोण शिकवणार! पाण्यातले सगळे काढून घ्यायचे आणि माशाला हवे तेवढे क्षार आपल्या हाताने परत घालायचे, यात मला फार मोठेपण वाटत असे. दर बादलीला दीड चमचा. निळ्या झाकणाच्या बरणीतून. इतकी वर्षे घालत होतो की बादली भरली की हात आपोआप बरणीकडे जायचा.

कलम ५. मार्च २०१७ मध्ये सरिताला शस्त्रक्रियेसाठी मुंबईला न्यावे लागले. घरी अकरा पिल्ले होती, सात महिन्यांची, नुकता रंग धरू लागलेली. जाताना ती स्ट्रेचरवरून मला म्हणाली, "पिल्लायचं पाहा जी कोणीतरी." धम्मानंद तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मी त्याच्यासाठी कागद लिहिला.

कागदाविषयी सांगायला हवे. माझे वडील नत्थूजी यांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी अंगठा सोडून सही शिकले. ते म्हणत, तोंडचं वाऱ्यावर जाते, कागदावरचं राहते. पुढे नोकरीतही तेच. यंत्र कसे चालवायचे ते कलमवार लिहिलेले असते, आणि कामगाराने त्यापलीकडे स्वतःची अक्कल चालवायची नसते. मी धम्मानंदला लहानपणापासून हेच शिकवले. त्या दिवशीही बजावले, "जसं लिहिलं तसंच करजो. आपलं डोकं लावू नको."

त्याने डोके लावले नाही.

आम्ही नवव्या दिवशी परतलो. सरिता चपलाही न काढता टाकीपाशी गेली. टाकीत पाणी होते आणि हीटरचा लाल दिवा लागलेला होता. मासा एकही नव्हता.

धम्मानंद म्हणाला, "बाबा, मी कागदावर होतं तेच केलं. एक अक्षर कमी-जास्त नाही केलं."

मी म्हणालो, "मंग काय कागदानं मारले काय?"

सरिता म्हणाली, "जाऊ द्या ना. पोराले नका बोलू." मी बोललो. त्या दिवशी बोललो, रोज बोललो. तो कागद पुरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, की बघा, सगळे लिहून दिले होते. वीस माणसांना तरी दाखवला असेल. त्यांना माशांतले कळत नव्हते, आणि मला वाचायची गरज वाटली नाही. आपले अक्षर आपण कशाला वाचतो?

जुलैत सरिता गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक जमलेले असताना मी उभा राहून म्हणालो की हिची शेवटची हौस हिच्याच मुलाने मारली. भन्तेजी समोर बसलेले होते. मुलाने मान खाली घातली. धम्मानंद चंद्रपूरला नोकरीवर गेला तो गेलाच.

कलम ६. ४ नोव्हेंबरच्या मंगळवारी काय झाले ते मी जसे झाले तसे लिहितो.

सध्या टाकीत नऊ पिल्ले आहेत, पाच महिन्यांची. मी दवाखान्यात असताना माया त्यांचे पाहणार. ती म्हणाली, "बाबा, मले लिहून द्या, नाहीतर माह्याकडून काही राहून जाईन." मी म्हटले, नवीन कशाला, जुना कागद आहे. फाईल काढली, पाकिटातून कागद काढला आणि टाकीशेजारी उभा राहून नक्कल करू लागलो. बादली भरत होती. डाव्या हातात निळ्या झाकणाची बरणी होती.

कलमे सात आहेत. हीटर, हवा, खाणे, काच पुसणे, निम्मे पाणी काढणे, शुद्ध पाणी भरणे, दिवा. मी ती सात वेळा वाचली. कागद उलटून पाहिला. पाठ कोरी होती. प्रकाशाकडे धरून पाहिला, जणू मीठ कागदात मुरून दिसेल.

क्षाराचा उल्लेख नाही. दीड चमचा कुठेच नाही. निळी बरणी त्या दिवसांत कपाटात माझ्या औषधांमागे होती. ती बरणी कशाची हे घरात माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हते.

मला हिशेब येतो, दुर्दैवाने. रोज निम्मे पाणी बदलले तर पहिल्या दिवशी क्षार निम्मे राहतात, दुसऱ्या दिवशी पाव, तिसऱ्या दिवशी अर्धपाव. पाचव्या दिवसापर्यंत त्या पाण्यात पाण्याशिवाय काही उरले नसणार. असले पाणी तोल सोडते आणि एकाएकी आंबट होते. पिल्लांना पळायला जागा नसते. पोराने एखादा दिवस आळस केला असता, मित्रांबरोबर भटकायला गेला असता, तर काही तरी वाचली असती. तो एकही दिवस चुकला नाही म्हणून अकराच्या अकरा मेली.

बादली भरून वाहत होती. माया धावत आली. "बाबा! काहून असे उभे राहिले? छातीत दुखून राहिलं काय?" मी तिला कागद दिला. तिने वाचला आणि मला विचारले, "याच्यात चुकलं काय?" तिला दिसत नव्हते. बरोबरच आहे. जे नाही ते कोणाला दिसणार?

तेव्हापासून मी दिवसातून चार वेळा तो कागद वाचतो. मला अजून वाटते की पुढच्या वेळी सापडेल.

कलम ७. नऊ पिल्ले, चार फुटी टाकी, पाण्याचा संच, निळी बरणी आणि लाल धाग्याचे मिक्सरचे भांडे धम्मानंदला द्यावे, त्याची इच्छा असेल तर. पिल्लांना अजून आठ-नऊ महिने काढायचे आहेत. कसे वाढवायचे याबद्दल मी त्याला काहीही लिहून देत नाही. त्याला योग्य वाटेल तसे त्याने करावे. नळाचे पाणी घालावेसे वाटले तर तेही घालावे. दवाखान्याच्या दिवसांपुरता मायाला नवा कागद दिला आहे. तो मी तिच्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतला, आणि पहिले कलम दीड चमच्याचे आहे.

कलम ८. माझी शस्त्रक्रिया बिघडली आणि मी गेलो, तर पुण्यानुमोदनाला तेच नातेवाईक बोलावावेत. त्यांच्यासमोर मुकुंदराव देशकर यांनी कलम ५ आणि ६ वाचावे. ते शेजारी आहेत, निवृत्त हेडक्लार्क आहेत, आवाज मोठा आहे. जेवण वाढण्याआधी वाचावे, नंतर कोणी थांबत नाही.

कलम ९. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. आज दुपारी साक्षीदार म्हणून सही करायला प्रीतम शेंडे आले, तेव्हा हे घालावे लागले.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे मी त्यांना म्हणालो. ते म्हणाले, वाचतो. वाचून झाल्यावर त्यांनी पेन न उघडताच टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "काका, हे धम्माभाऊले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. क्षाराचं. तेव्हापासून माहीत आहे. चार पिल्लं मेली तेव्हा तो शिशीत पाणी घेऊन माह्या दुकानात आला होता. मी तपासलं. म्हटलं, भाऊ, याच्यात तर काहीच नाही, क्षार टाकून नाही राहिला काय? त्यानं खिशातून तुमचा कागद काढला. दोनदा वाचला. मी पुडी बांधून दिली, पण घरी पोचेपर्यंत बाकीचेही गेले."

मी विचारले, "मंग मले काहून नाही सांगितलं?"

प्रीतम खाली पाहत बोलले. "मी म्हटलं त्याले, काकाले फोन लाव. तर म्हणे, 'नको. आई तिकडं दवाखान्यात आहे. बाबाले आता कळलं का त्याच्याच हातानं झालं, तर तो तिच्यापाशी उभा नाही राहू शकणार. माह्यावर येऊ दे.' मले शपथ घातली काका. मी काय करू?"

म्हणजे मी त्याला रोज बोलत होतो, तेव्हा त्याला माहीत होते. मी पाकिटातला कागद पाहुण्यांना दाखवत होतो आणि तो त्याच खोलीत पाण्याचे पेले आणून देत होता. पुण्यानुमोदनात त्याने मान खाली घातली ती अपराधी म्हणून, असे मी समजलो. आणि दुसऱ्या दिवशी, सरिता आता उरली नव्हती तेव्हा, तो सामान घेऊन दारात थांबला आणि म्हणाला, "बाबा, एक सांगाचं होतं." मी दार लावले. ते काय सांगायचे होते, ते मला आज एका दुकानदाराकडून कळले.

 

कलम १०. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. म्हणजे धम्मानंदला हे सगळे मी नसताना कळेल, आणि तो जे म्हणेल ते ऐकायला मी नसेन. ही सोय मला नको. वकील म्हणतात असे कलम कायद्यात बसत नाही. न बसो.

उद्या सकाळी सातच्या बसने मी चंद्रपूरला जात आहे. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आहे आणि माया सकाळपासून रडते आहे. मुकुंदराव सोबत येत आहेत. धम्मानंदला कळवलेले नाही. हे मृत्युपत्र त्याला मी स्वतः, पहिल्या कलमापासून, त्या 'रिकामी' शब्दासकट वाचून दाखवीन. तो आत घेईल तर आत बसून वाचीन. त्याने दार लावले तर बाहेर उभा राहून मोठ्याने वाचीन.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मीच पुन्हा वाचला, आणि या वेळी त्यात काही राहिलेले नाही याची खात्री करून सही करत आहे.

ठिकाण : नंदनवन, नागपूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

(सही) शालिकराम नत्थूजी गजभिये

आमच्या समक्ष सही केली :

१. (सही) मुकुंद वामनराव देशकर, शेजारी, नंदनवन
२. (सही) प्रीतम देवाजी शेंडे, माशांचे दुकान, नागपूर