फोर्कातलं जाड ऑइल

कुणकेश्वर, मंगळवार, १९६४

मोटारसायकलच्या पुढच्या, धक्के झेलणाऱ्या फोर्कात पातळ ऑइल भर, असं भिकू मिस्त्रीला बजावलं होतं. मेल्यानं जाडच भरलं. वर म्हणाला, "डॉक्टरांनू, माका शिकवू नकात." जांभ्याच्या रस्त्यावर फोर्क दबलाच नाही. हँडल उसळलं, मागे बसलेली आई पडली, मनगट मोडलं. आज मीच ते जाड ऑइल काढून पातळ भरलं. चाक आता खड्ड्यातून अलगद जातं.

संध्याकाळी मिस्त्री दारात. "खंयचा ऑइल घातलात? मास्तरांची गाडी इली हा, म्हणान इचारतंय."

मी तोंड फिरवलं. मनात म्हटलं, भर जाडच!

मास्तर रोज बायकोला मागे बसवून नेतात. हे मला ठाऊक आहे. तरी मिस्त्रीला सांगायला मी अजून उठलेलो नाही.