बरणीतली माती

प्रिय ताई,

मंगळवारी फोनवर मी एवढंच म्हटलं, की भिंगरीला परसातलं गाजर, बीट, पालेभाजी काही देऊ नकोस आणि तिला मातीत खेळू देऊ नकोस. का, ते तू तीनदा विचारलंस आणि मी विषय हवापाण्यावर नेला. खरं कारण बोलून दाखवायची माझी छाती झाली नाही.

तिच्या रक्तातलं शिसं औषधानं थोडं उतरलं, हे वाचून बरं वाटलं. पण तू लिहितेस, ती अजून पोट धरून बसते, येत होती ती अक्षरंही आता चुकतात. घरभर गरगरायची म्हणून आपण तिला भिंगरी म्हणायला लागलो, आणि आता ती सांगितल्याशिवाय जागची हलत नाही. ते वाक्य वाचून मी प्रयोगशाळेतल्या नळापाशी उभी राहून रडले.

माझं काम काय, असं तू विचारायचीस आणि मी ‘मोहरीला विष घालते’ म्हणून तुला हसवायचे. खरंच तेवढंच आहे. कुंडीतल्या मातीत शिसं मिसळायचं आणि रोप काय करतं ते बघायचं. मुळांना चाहूल लागली की रोप गंधक असलेले छोटे रेणू बनवायला घेतं. ते शिशाला धरून ठेवतात आणि मग तो सगळा ऐवज पेशीच्या एका कोपऱ्यात कोंडला जातो, पाहुणे यायच्या आत आई पसारा माळ्यावर कोंबायची तसा. बाहेरून पान हिरवंगार. रोप वाटून ते रेणू मोजल्याशिवाय काही कळत नाही.

तुलनेसाठी काही कुंड्या स्वच्छ मातीच्या लागतात. बाकीचे ती विकत आणायचे. मी शहाणी, आपल्या परसातून पोतं भरून नेलं. बाबांनी हातानं चाळलेली माती, तिच्याहून स्वच्छ काय असणार? पोत्याचं तोंड तू शिवून दिलंस आणि भाऊजींनी ते खांद्यावरून बसपर्यंत आणलं.

भाऊजींबद्दल लिहायला हात धजत नाही. बॅटरीच्या कारखान्यातला माणूस, लेकीच्या रक्तात शिसं, मग दुसरं कोणाला धरणार? तिथंच आंघोळ करून, कपडे बदलून निघतो, असं ते शपथेवर सांगत होते. तू मला विचारलंस आणि मी विदुषीच्या थाटात म्हणाले, “कपड्यांवरूनच येतं, ताई.” त्या एका वाक्यावर तू त्यांची बॅग दाराबाहेर ठेवलीस. त्यांनी काम सोडलं तरी आत घेतलं नाहीस. आता ते रोज फाटकाशी उभे राहून तिला बघतात आणि जातात. आणि तू तिला ताकद यावी म्हणून घरच्या गाजरांचा रस पाजत होतीस.

मागच्या पत्रात तू सहज लिहिलंस, की रक्ततपासणीत भाऊजींचा शिशाचा आकडा भिंगरीहून कमी निघाला. ते वाचल्यावर मी उरलेल्या मातीची बरणी शोधून काढली आणि तपासली. नुसतं शिसं. काल आत्याला विचारलं. आपल्या जन्माआधी बाबा छापखान्यातले अक्षरं छापायचे झिजलेले शिशाचे खिळे आणून परसात वितळवायचे. भट्टी होती तिथंच पुढं वाफे केले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

मला मात्र ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्या ‘स्वच्छ’ कुंड्यांतल्या मोहरीतही ते रेणू सापडले, विष घातलेल्या रोपांइतकेच. सरांनी माती तपासायला सांगितली. मी म्हटलं, कुंड्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. बाबांच्या मातीवर शंका घेववत नव्हती आणि पदवी लांबायला नको होती. दुसरं कारण मोठं होतं. मी आकडे खोडले, विकतची माती आणली आणि पदवी घेतली. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत भिंगरीला गाजर उपटून फ्रॉकला पुसून खायला मीच शिकवलं. या पत्राची एक प्रत डॉक्टरांना आणि एक भाऊजींना पाठवली आहे, म्हणजे धाकटी म्हणून मला पाठीशी घालायची सोय तुला उरणार नाही. मला काय शिक्षा द्यायची ते सावकाश ठरव. आज ते फाटकाशी येतील तेव्हा कडी काढ.

तुझीच, तू अजून म्हणू देशील तर,
धाकटी