सदुसष्ट अंगठे आणि नेटाबाईंचा निरोप

आल्माटी,
डिसेंबर, मंगळवार, बाहेर धुकं

तीर्थस्वरूप एफीताईस,

धाकट्या वॉटीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला अर्धा तू मनाने पुरा करून घे.) तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरीणबाई तुला रोज बंदरापर्यंत चालायला सांगतात आणि तू त्यांनाच चहाला बसवून घेतेस, हे खरं का? मांजराच्या डोळ्याचं काय झालं? इकडे मी ठणठणीत आहे. थंडी सुरू झाली आहे, पण आपल्याकडच्यासारखी हाडात शिरून गप्पा मारत बसणारी नाही. ही कोरडी थंडी, कामापुरतं बोलते.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, "तिथे आपली माणसं भेटतात का रे?" आणि मी लिहिलं होतं, "भेटतात की! मोठं स्कॉटिश मंडळ आहे आपलं, मी त्याचा चिटणीस आहे." ताई, चिटणीस आहे हे खरं आहे. बाकीचं आज सविस्तर सांगतो. चहा घेऊन बस.

मी इथे आलो तेव्हा मंडळ खरोखर मोठं होतं. तेलाच्या कामावर आलेली आपली माणसं एवढी होती, की संत अँड्र्यूच्या दिवशी नाचायला हॉल पुरायचा नाही. मग एकेक कंपनी निघाली, एकेक कुटुंब निघालं. राहिला तो फोनवरचा गट. त्यात आजही दोनशे बारा माणसं आहेत. त्यांतली दोनशे तरी केव्हाच शहर सोडून गेलीत, पण गट सोडत नाहीत, कारण सोडला की "अमुक बाहेर पडले" असं सगळ्यांना दिसतं, आणि दार आपटून निघून जाणं आपल्या लोकांच्या रक्तात नाही. (आपण दारात कोट घालून तासभर उभे राहतो.) त्यामुळे कुणी ऑस्ट्रेलियातून सूर्यास्त पाठवतो, कुणी बाकूहून जुना सोफा विकायला काढतो, आणि मी सगळ्यांना "वा वा" म्हणतो.

मी सातव्या मजल्यावर राहतो, हे तुला ठाऊक आहे. हिवाळ्यात सकाळी खाली धुकं भरतं, अख्खं शहर त्यात बुडतं आणि वर फक्त डोंगर उरतात, कुणी धुऊन वाळत घातल्यासारखे पांढरे. मी खिडकीत चहा घेऊन उभा राहतो. खालून ट्रॉलीबसचा आवाज येतो आणि मला वाटतं, बाबांची होडी आत येते आहे. त्या वाटण्यात मी कधीकधी इतका रमतो, की चहाचं बर्फ होतं आणि कॉलेजात माझी वेल्डिंग शिकणारी पोरं वर्गात एकमेकांना जोडत बसतात.

असो. मुद्दा नेटाबाईंचा. नेटा फार्कार, वय एकोणऐंशी, मूळच्या डंडीच्या. नवऱ्याबरोबर आल्या आणि इथेच राहिल्या. नवरा, आपला डॉड, इथल्याच मातीत आहे. मंडळ काढलं ते या दोघांनी. सप्टेंबरात त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "वॉटी, मुलगी ऐकत नाही. डिसेंबरात मला घेऊन जाणार म्हणते. जायच्या आधी एकदा सगळ्यांना बघू दे. दुपारी ठेव, संध्याकाळी बर्फावरून मला चालवत नाही." मी हो म्हणालो. त्या 'सगळ्यांना' म्हणाल्या होत्या, ताई, तो शब्द मला झोपू देईना.

मी गटावर सूचना टाकली. आणि काय सांगू! सदुसष्ट अंगठे आले. वर केलेले, पिवळे, टवटवीत. मी एकेक मोजला आणि एकेका अंगठ्यामागे एक ताट धरलं. डोंगराच्या उतारावर, धुक्याच्या वर येणाऱ्या एका हॉलमधला अर्धा भाग ठरवला. मग मंडईत बिबिगुलबाईकडे गेलो. मटण विकणारी बाई, हात माझ्या मांडीएवढे. आपल्या पद्धतीने मेंढीच्या पोटात काळीज, चरबी आणि ओट भरून शिवून दे म्हटल्यावर तिने सुरा खाली ठेवला. म्हणाली, "ओट? मटणात ओट? अहो, ओट घोड्याला घालायचे आणि मग घोडा खायचा. तुम्ही मधला टप्पाच गाळला!" तरी शिवून दिलं तिने. बावीस पोटं.

रविवारी दुपारी मी किल्ट घालून सदुसष्ट खुर्च्यांमध्ये उभा होतो. पहिली आली मिरन, ऑर्कनीची, शाळेत शिकवते. मग आला बेझिल. हा इंग्रज आहे. दरवर्षी येतो आणि दारातच क्षमा मागतो. (कशाची ते आम्ही विचारत नाही. बरंच काही निघेल.) मग आला दाउरेन, आमचा पाइपवाला. जातीने कझाख, धंद्याने दातांचा डॉक्टर. बॅगपाइप स्वतःच शिकला, दवाखान्यात सराव करतो, आणि म्हणतो की तेव्हापासून रोगी तोंड लवकर उघडतात. मग कुणीच नाही. तीन वाजले. खिडकीखाली धुक्याचा समुद्र नुसता हलत होता. मी त्यात डोळे घालून बघत राहिलो. मला खरंच वाटत होतं की आता त्यातून डोकी वर येतील, एकामागून एक, पंचवीस वर्षांपूर्वीचे सगळे, आपापले कोट झटकत.

वर आल्या त्या नेटाबाई. खांद्यावर डॉडच्या घराण्याची पट्टी, केस बांधलेले, ओठांना लाली. खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "धुकं आहे ना. वाटेत असतील सगळे." मी खिशातून फोन काढून अंगठे दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले. म्हणाल्या, "गाढवा, अंगठा म्हणजे 'वाचलं' असं असतं. 'येतो' असं नसतं." मग माझ्या शेजारी बसल्या. त्यांचा तो हात मांडीवर नुसता पडून होता ना ताई, तो मला बघवेना. आईचा हात शेवटी असाच पडलेला असायचा.

आणि नेमक्या त्याच वेळी दारात एक म्हातारबाबा आले. डोक्यावर नक्षीची टोपी, छातीवर पदकं. नाव सेरिकबोल. हॉलच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्यांच्या नातीचा समारंभ होता. मूल चालू लागलं की इथे त्याच्या पायांना दोरी बांधतात आणि ती कापून त्याला मोकळं करतात, तो. बोलावली होती शंभर माणसं, आली होती एकशे साठ. (त्यांच्याकडे कुणी अंगठा दाखवत नाही, सरळ येतात.) म्हातारबाबा अदबीने म्हणाले, "अगा (म्हणजे दादा), राग मानू नका. तुमच्या खुर्च्या रिकाम्याच आहेत. थोड्या नेऊ का?"

मला रशियन समजतं, पण बोलता येतं ते वेल्डिंगपुरतंच, हे तुला माहीत नसेल. "तडा", "गळती", "पुन्हा करा" हे शब्द मला उत्तम येतात आणि सगळी सुखदुःखं मी त्यांतच भागवतो. मी मान हलवून "न्या" म्हणणार, एवढ्यात नेटाबाई उठल्या. अस्खलित कझाखमध्ये म्हणाल्या (अर्थ दाउरेनने माझ्या कानात सांगितला), "खुर्च्या मिळणार नाहीत. माणसं इकडे पाठवा. जेवण आमच्याकडे सदुसष्ट जणांचं आहे."

म्हातारबाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बावीस पोटांकडे पाहिलं, आणि मधला पडदाच सरकवला.

मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. आठवतात ते तुकडे, झोपेतून उठल्यावर आठवतात तसे. वाफ आणि लोकर यांचा वास. एक आजी बिबिगुलने शिवलेल्या पोटातला घास खाऊन विचारते, "छान आहे, पण ओट कशाला?" बेझिल तिची क्षमा मागतो. दाउरेन पाइप फुंकतो आणि पलीकडचा दोंब्रावाला दोन तारांवर त्याला गाठायला धावतो, कधी पुढे जातो, कधी मागे राहतो. दोन रांगा करायचं ठरलं आणि नाच सांगायचं काम चिटणिसाकडे आलं. ताई, मला काहीही आठवेना! उजवा हात आधी की डावा? मी नव्वद माणसं उभी करून घाम पुसत राहिलो. शेवटी नेटाबाईंनी मला ढकलून बाजूला केलं. "उजवा! अगं बाई, उजवा! तुमच्याकडे उजवा दुसऱ्या बाजूला असतो का?" आणि पदकवाल्या म्हातारबाबांचा हात धरून त्या रांगेतून अशा भिरभिरत गेल्या, की त्यांचे पाय जमिनीला लागत होते का, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो. खिडकीबाहेर धुक्यावर ऊन आलं होतं, सगळं सोनेरी, आणि आत ती काळ्या-तांबड्या चौकड्यांची पट्टी फिरत होती.

दोरी कापायला त्यांची ताराझ गावची आत्या यायची होती, ती धुक्यात वाटेतच अडकली. पोरीची आजी, राउशान, सरळ नेटाबाईंसमोर कात्री घेऊन उभी राहिली. जो दोरी कापतो त्याच्यासारखं मूल चालतं, असं हे लोक मानतात. नेटाबाई मागे सरल्या. म्हणाल्या, "मी नको हो. मी तर चाललेय इथून. माझं पाऊल परतीचं आहे." राउशान म्हणाली, "आपा, एवढ्या लांबून आलात, इतकी वर्षं राहिलात, माणूस इथे पुरलात, आणि आज नाचताय. यापेक्षा चांगलं पाऊल मी कुठून आणू?"

नेटाबाईंनी कात्री घेतली. त्यांचा हात जराही हलला नाही. दोरी पडली, आणि ती आयझेरे नावाची पोर तीन पावलं टाकून बेझिलच्या मांडीत जाऊन आदळली. त्याने तिचीही क्षमा मागितली. हॉलभर माणसं ओरडली, आणि नेटाबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बघितलंस? सगळे आले."

गुरुवारी त्या गेल्या. विमानतळावर शंभर वेळा सांगितलं, की डॉडच्या कबरीवरचा बर्फ दर रविवारी झाड, फावड्याने नको, झाडूने. मी हो म्हणत राहिलो. गणवेशातल्या अधिकाऱ्याने माझ्याकडे बघून काय झालं विचारलं, तेव्हा मी माझ्या रशियनमध्ये म्हणालो, "छोटी गळती आहे."

तर हे असं आहे. काळजी करू नकोस. मी मजेत आहे, माणसांची वर्दळ आहे, काही कमी नाही. मांजराला माझा आशीर्वाद.

तुझा,
वॉटी

ता. क. – परवा त्या समारंभातली बेचाळीस माणसं आमच्या गटात आली. त्यांना नाच नीट शिकायचा आहे. अंगठे नाहीत, नावानिशी "येतो" म्हणालेत. शिकवणार कोण, असं विचारलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं, की माझी बहीण चाळीस वर्षं हेच शिकवते आहे. नेटाबाईंच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. तळमजला आहे, जिना नाही. मार्चमध्ये ये. मांजराचे कागद होतात, चौकशी केली आहे.

आणखी एक – कंबरेचं कारण सांगू नकोस. राउशान कंबर चोळून देते, आणि आधी परवानगी विचारत नाही.

शेवटचं – इथे मला सगळे वॉल्टर अगा म्हणतात, कॉलेजात बाबांचं नाव जोडून वॉल्टर जॉर्जोविच. फार मान देतात. गुरुवारपासून या शहरात मला वॉटी म्हणणारं कुणी नाही, गाढव म्हणणारं तर नाहीच. दोन्ही तुला जमतं. म्हणून विचारलं.