ठिपक्याच्या आधीचा फळा

सर, तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. गोरेगावच्या शाळेत, दहावीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर खडूनं एक ठिपका काढला आणि म्हणालात, आधी एवढंच होतं, मग ते फुटलं आणि त्यातून सूर्य, चंद्र, माणूस सगळं निघालं. मी उभी राहिले. "सर, ठिपक्याच्या आधी फळा त होता ना? तो कोणं लावला?" पोरी हसल्या, तुम्हीही हसलात. "तुह्या देवानं लावला असंन! बस खाली, पोथी वाचत जाय घरी."

माझ्या घरी कुकर फुटला होता. वरण छताला चिकटलं, दुनिया काही निघाली नाही. जमेला काही नसताना एवढा खर्च दाखवणाऱ्याला मी त दारात उभं करणार नाही. आणि आमच्या देवळात प्रवचनाला येणारे महाराज तुमच्याही वरचे. शास्त्रज्ञ काही बोलले की दुसऱ्या दिवशी ते यांच्या पोथीत आधीपासूनच असते. मी रोज तीच पोथी वाचते, मले काऊन नाही सापडत? बाया टाळ्या वाजवतात. मला लाज वाटते.

आता अकरावीतली माझी पोरगी तुमचंच शिकून राहिली. नवरात्रात घरी जवारा पेरला होता. देवघरातल्या अंधारात टोपलीतले गहू वीतभर पिवळे वाढले. शेवटच्या दिवशी घरच्या पोरीनं टोपली डोक्यावर घेऊन तळ्यात सोडायला न्यायची. पोरगी म्हणाली, "मी नाही नेत. जग फुग्यासारखं फुगून राहिलं, आई. त्यात तुझी देवी कुठं बसते?"

"अन् फुग्याच्या बाहेर काय आहे?"

"बाहेर असं काही नसतेच."

"वा! बाहेर काही नाही, आधी काही नाही, अन् अक्कल मलेच नाही!"

ती हसली नाही. "तुझ्याशी बोलणंच बेकार आहे," म्हणाली आणि पुस्तक घेऊन आत गेली. टोपली मीच नेली. तेव्हापासून ती जेवायला येते, ताट उचलते, जाते.

तुम्ही चूक होता, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण लग्न झाल्यापासून मला भाजी काय आहे, दूध आलं का, एवढंच विचारलं गेलं. जग कसं झालं यावरून माझ्याशी भांडले ते तुम्ही, आणि मग ती. तिला हे सांगणं जमत नाही, म्हणून जे वाचणार नाहीत त्या तुम्हाला लिहून राहिले. तळ्यात जवारा सोडताना देवीजवळ मागणार होते, पोरीला भक्ती दे. हात जोडले आणि मागितलं, तिला पुन्हा माझ्याशी भांडायला पाठव.