एमसीबी गरम असताना

रागिणी,

मी घरी नसतानाच सामान न्याले येशीन, असा तुहा निरोप भेटला. म्हणून वरूडले चाललो, संत्र्याच्या पॅकिंग हाउसचं पॅनल बसवाले. संध्याकाळपर्यंत येत नाई. तुहे कपडे अन् अकोल्याच्या शाळेचे कागद पलंगावर काढून ठेवले.

थोडी थांबशीन अन् आंघोळीले गिझर लावशीन, तर इस्त्री बंद ठेवजो. दोन्ही संगं चाललं का मीटरजवळची एमसीबी पडते, अन् घरातली लाइट जाते. शॉर्ट झाला तर ती झटक्यात पडते, पण लोड जास्त झाला तर आतली पत्ती हळूहळू तापते, वाकते, अन् मंग पाडते. तवा लगेच वर ढकलू नको, खटका बसत नाई. पत्ती थंडी होऊ दे. मंग खटका पुरा खाली दाबून वर कर. गिऱ्हाइकाइले हे रोज सांगतो, अन् तू रागानं गेली तवा तुले मातर एका दिवसात अकरा फोन लावले.

तू गेल्यापासून परवापर्यंत एमसीबी एकदाबी पडली नाई. काल सकाळी मी मुद्दाम गिझर अन् इस्त्री संगंच लावली. पडली. न्हाणीतून तू ‘अवो, लाइट पाहा ना!’ म्हणशीन म्हणून लय वेळ तिथंच उभा राहिलो.

गजेंद्र